बिनफ्रेमचं चित्र

अहो, ऐकलंत का? समोरच्या काकूंच्या सुनेनं हॉलमध्ये चित्र लावलंय. लावू दे की, म्हणाल. पण फ्रेमच नाही हो! नुसता कॅनव्हास. तोही कुठे, तर काकूंच्या रविवर्म्याच्या लक्ष्मीशेजारी. मळवलीच्या छापखान्यातली आहे म्हणे ती... तिला काच, नक्षीची चौकट, वर हार. आणि बाजूला हे, मंगळागौरीला बिनकाठाची साडी नेसून आल्यासारखं!

तर काय सांगत होते... परवाची भिशी. काकूंच्या नणंदेनं सगळ्यांदेखत विचारलं, "फ्रेमपुरते पैसे उरले नाहीत का गं?" काकूंचा चेहरा असा पडला! सून मात्र गार. जेजेत शिकलेली ना ती. म्हणाली, "आत्या, जरा बाजूनं बघा." कॅनव्हास लाकडी पट्ट्यांवर ताणून मागे स्टेपल केलेला आणि चित्रातला घाट वळून थेट कडेवर उतरलेला. गॅलरी रॅप म्हणतात त्याला. आत्याबाई चष्मा लावून कडा बघत बसल्या, चहा गार झाला तरी!

मग वारलीचा विषय निघाला. सून म्हणाली, डहाणूकडे लग्नघरात सुवासिनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं देवचौक लिहितात, त्याला कोण काच लावतं? जिव्या सोमा मशे त्या भिंतीवरची कला कागदावर घेऊन जगभर गेले, २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यातल्या पालघट देवीभोवतीचा चौक असतोच की चित्रात, तीच त्याची चौकट! आत्याबाई गप्प. मला तर... जाऊ दे, हसू आवरत नव्हतं.

काकू कुठल्या ऐकतायत! दुसऱ्याच दिवशी फ्रेमवाल्याला घरी बोलावलं. तो पडला सरळ माणूस. म्हणाला, "कागदावरच्या चित्राला काच हवीच, पण काकू, ऑइलला कशाला?" वर म्हणतो, काचेतसुद्धा मध्ये माउंट सोडावा लागतो, नाहीतर पावसाळ्यात ओल धरते. हे म्हणताना नजर कुठे, तर काकूंनी लग्नात भरलेल्या मोरावर! काचेला चिकटलेला, पिसाऱ्यावर बुरशी. काकूंचा चेहरा पुन्हा...

आता तो मोर सोडवून, जमलं तर पट्ट्यांवर ताणून द्यायचा ठरलाय, बिनकाचेचा. काकू "बघू" म्हणाल्या. म्हणजे हो! पण फ्रेमवाल्याची बायको गल्ल्यावर बसते ना, तिच्या कानावर गेलंय म्हणे, नवरा चालून आलेलं गिऱ्हाईक शिकवून घालवतो ते...