इंडक्शनवाले काकाजी

अमरावतीच्या रुक्मिणीनगरात जा नाहीतर अकोल्याच्या जठारपेठेत, दर दोन गल्ल्यांआड एक इंडक्शनवाले काकाजी भेटतातच. पाटबंधारे, झेडपी, कृषी विद्यापीठ असं कुठलंतरी खातं मागे टाकून निवृत्त झालेले, अंगात बनियन, गळ्यात चष्म्याची दोरी. नोकरीच्या काळात यांनी घरचा गॅस एकदाही पेटवलेला नसतो. मग ऐन लग्नसराईत सिलिंडर संपतं, पुण्याचा मुलगा इंडक्शन शेगडी मागवून देतो आणि काकाजींना नवं खातं मिळतं. सुरक्षा खातं. स्वयंपाक काकूच करतात.

आमच्या शेजारचे काकाजी या जातीतले अस्सल. शेगडी आली त्या दिवशी त्यांनी फ्रिजच्या दारावरून चुंबक काढलं. गजानन महाराजांचं राहू दिलं, प्लास्टिकचं लिंबू घेतलं. मग मांडणीवरच्या एकेका भांड्याची तोंडी परीक्षा. लोखंडी तवा पास. अॅल्युमिनियमची पातेली, तांब्याचा तांब्या, काकूंच्या माहेरचं पितळी गुंड सगळे नापास. स्टीलमध्येही काही भांड्यांना चुंबक धरेना, तेव्हा काकाजींचा स्टीलवरचाच विश्वास उडाला. तेव्हापासून ते लग्नालाही खिशात लिंबू घेऊन जातात आणि आहेरात आलेल्या भांड्यांची बुडं तपासतात. यजमान बिचारे हसून घेतात.

खरी मजा चहाच्या वेळी. पाहुणा टेकला की काकाजी शेगडी मांडतात आणि मायकेल फॅराडेपासून सुरुवात करतात. १८३१ साली त्यानं शोधलेलं तत्त्व, काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं, त्यातून सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा दिशा बदलणारा प्रवाह, त्यानं भांड्याच्या बुडातच फिरणारी वीज. म्हणून तापतं ते भांडं, काच नव्हे. "आता पाहा हं," म्हणून ते चहाचं पातेलं उचलतात. शेगडी टीं-टीं करू लागते.

"आयकलं? भांडं नाई म्हणून बोंबलून रायली. मिनिटभर पाह्यते अन् सोताच बंद होते!"

पातेलं खाली. चहाला जरा कुठे आधण येतं, तोवर पुन्हा वर. मग काचेवर चमचा ठेवून दाखवणं, कारण इतक्या बारक्या वस्तूला यंत्र भांडं मानत नाही. मग किल्ली. काकू आतून विचारतात, "अवो, चहा झाला का?" काकाजींच्या घरी चहा कधी होत नसतो, प्रयोग होतो. पाहुणा शेवटी पाणी पिऊन निघतो.

चाइल्ड लॉकची गोष्ट तर गल्लीभर झाली. घरात लहान मूल नाही, तरी काकाजींनी कुलूप लावलं आणि उघडायचं कसं ते विसरले. काकू भिजवलेल्या डाळीपुढे बसून राहिल्या. संध्याकाळी अमरावतीहून सहा वर्षांचा नातू आला, त्यानं ते बटण तीन सेकंद दाबून धरलं आणि कार्टून बघायला निघून गेला. म्हणजे त्या कुलपानं अडवलं कोणाला, तर स्वयंपाक करणाऱ्या बाईला. पण काकाजी खूश! "म्हंजे कुलूप काम करते ना बाप्पा!"

दूध आटवताना दोन तास कोणी बटणाला हात लावला नाही म्हणून शेगडी आपोआप बंद पडली, तेव्हाही ते असेच खूश झाले होते. काकूंचा खवा राहिला तो राहिलाच.

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो. गल्लीतले सगळे कूलर एकदम सुरू झाले की व्होल्टेज बसतं आणि शेगडीच्या पाटीवर 'ई' अक्षर आणि पुढे एक आकडा उमटतो. हे आकडे काकाजींना पाढ्यांसारखे पाठ. अमरावतीच्या साडभाऊंचा फोन येतो, "ई-तीन दाखवून रायलं." काकाजी फोनवरच निदान करतात, "भांडं रिकामं तापलं. थंड होऊ द्या." साडभाऊ तासभर थांबतात. त्यांची शेगडी दुसऱ्या कंपनीची आणि प्रत्येक कंपनीचे आकडे वेगळे, तेव्हा तिचं दुखणं भलतंच. पण व्होल्टेज तोवर सुधारतं, शेगडी सुरू होते आणि काकाजींच्या यशाच्या यादीत आणखी एकाची भर पडते.

थट्टा पुरे, या माणसाला काही गोष्टी खरोखर कळतात. शेगडी बंद केल्यावर आतला पंखा थोडा वेळ फिरत राहतो. काकू लगेच पिन उपसायच्या. काकाजींनी ते सोडवलं, आणि बरोबरच केलं, कारण आतले तापलेले भाग त्या पंख्यानंच निवतात. काचेखाली तापमान ओळखणारा बारीकसा सेन्सर असतो, म्हणून काचेवर कागद अंथरून भांडं ठेवू नये, हेही त्यांनी घराघरांत जाऊन सांगितलं. मधे काही आलं की सेन्सरला भांड्याचा ताप उशिरा कळतो.

आणि तरीही.

परवा त्यांच्याकडे पंखा दुरुस्तीला वायरमन आला. पोरसवदा होता. स्वयंपाकघरात वास येतो म्हणाला आणि त्यानं शेगडीमागचा डबा सरकवला. शेगडी २००० वॉटची. म्हणजे २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर. तिची १६ अँपिअरची जाड पिन काकाजींनी कन्व्हर्टर लावून ६ अँपिअरच्या एक्स्टेन्शन बोर्डात खोचली होती. त्याच बोर्डावर मिक्सर आणि मोबाइलचा चार्जर. भोकाभोवतीचं प्लास्टिक बिस्किटासारखं भाजलेलं. भिंतीतला सॉकेट उघडला तर अर्थिंगच्या भोकामागे तारच नाही.

"काकाजी, थे मशीन सोताले वाचवते," पोरगा म्हणाला. "हे बोर्ड जळन तवा बीप नाई वाजनार."

"पन पुस्तकात थे लिहेलच नाई!"

पोरानं पुस्तक मागितलं. पहिल्याच पानावर ठळक चौकटीत लिहिलेलं होतं. काकाजींनी वाचायला सुरुवात केली होती ती 'ई'च्या तक्त्यापासून.

आता स्वतंत्र तार टाकून झाली आहे, १६ अँपिअरचा सॉकेट बसला आहे आणि अंगणात कोळसा-मीठ घालून अर्थिंगचा खड्डाही झाला आहे. उन्हाळ्यात माती वाळली की अर्थिंग कमजोर होतं, खड्ड्यात पाणी घालावं लागतं, एवढं तो पोरगा जाता जाता बोलून गेला. झालं. आमच्याकडे नळ रोज येत नाही, पण आला की पहिली बादली खड्ड्याला. तुळशीला उरलं तर. काकाजींच्या खिशात लिंबाच्या शेजारी टेस्टर आला आहे आणि ते घरोघरी सॉकेटमध्ये खुपसून "अर्थिंग ओके" असा निकाल देत फिरतात.

टेस्टरच्या दिव्यानं फेज कळतो, अर्थिंग कळत नाही. तेव्हा तुमच्या घरी इंडक्शन असेल तर पिन कुठल्या सॉकेटात आहे ते आजच बघा, जाणता वायरमन बोलवून अर्थिंग तपासून घ्या, आणि काकाजी दारात आले तर त्यांना चहा द्या. गॅसवरचा.