दरमहा दोनशे रुपयांचे उपकार

प्रति,
माननीय व्यवसाय कर अधिकारी साहेब,
म्हैसूर.

विषय: दरमहा 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 रुपये घेऊन केलेल्या उपकारांबद्दल आभार मानणेबाबत.
संदर्भ: 1) भारतीय संविधान, अनुच्छेद 276. 2) माझी पगाराची चिठ्ठी.

महोदय,

मी म्हैसूरमधल्या एका अगरबत्तीच्या कारखान्यात हिशेब लिहितो. महिन्याच्या 20 तारखेच्या आत कामगारांच्या पगारातून कापलेला व्यवसाय कर भरणे आणि नमुना 5-अ मधले विवरण चढवणे हे माझ्या नोकरीतले सर्वांत पवित्र काम. त्या दिवशी मालकसुद्धा मला हाक मारत नाहीत. पत्र मराठीत लिहितो आहे, त्याबद्दल राग नसावा. कर खात्याचा कागद आला की आम्ही तो गल्लीतल्या एखाद्या जाणत्या माणसाकडून समजून घेतो. आपणही हे पत्र तसेच समजून घ्यावे.

आम्हा मराठी माणसांचा आणि म्हैसूरच्या महसुलाचा संबंध जुना आहे. फक्त तेव्हा आम्ही टेबलाच्या त्या बाजूला होतो. 1771 मध्ये मराठ्यांचे सरदार त्र्यंबकराव पेठे मोती तलावाजवळ हैदरअलीला हरवून श्रीरंगपट्टणच्या तटापर्यंत आले, ते काही चामुंडीच्या दर्शनाला नव्हे. खंडणी पाहिजे होती. चौथाई म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा आणि वर सरदेशमुखीचे दहा टक्के, हा आमच्या स्वाऱ्यांचा जगजाहीर दर. पण त्या वसुलीचा खर्च किती! घोडी, तोफा, बाजारबुणगे आणि परत जाताना वाटेत पावसाळा. आपण एकही घोडे न पाळता माझ्याकडून दरमहा 200 रुपये नेता, आणि ते कापायचे कामही मलाच लावता. वर ‘ई-प्रेरणा’ नावाचे पोर्टल देता. ही विद्या पुण्याला तेव्हा अवगत असती, तर पानिपतचे कर्ज केव्हाच फिटले असते.

आपल्या खात्याचे पूर्ववैभव आठवले की मात्र जीव हळहळतो. म्हैसूर संस्थानाला स्वतःचा प्राप्तिकर होता, त्याचा 1923 चा स्वतंत्र कायदा होता. 1 एप्रिल 1950 रोजी केंद्राचा प्राप्तिकर इथे लागू झाला आणि दुभती गाय दिल्लीच्या गोठ्यात गेली. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत भावाभावांची वाटणी झाली. शेतीखेरीज सगळ्या उत्पन्नावरचा कर केंद्राला. शेतीच्या उत्पन्नावरचा राज्याला. आणि धाकट्याने रडू नये म्हणून धंदे, पेशे, नोकऱ्या यांच्यावरचा एक छोटासा कर पुन्हा राज्याला. शेतीच्या उत्पन्नावर म्हैसूर राज्याने 1957 मध्ये कायदा केलाही. पण शेतकऱ्यावर आयकर लावायचा म्हटले की कुठल्याही पक्षाच्या मंत्र्याला घाम फुटतो. उरला आपला छोटा कर.

ही वाटणी किती काटेकोर आहे, हे पाहायचे तर आपल्या टेबलावरची कॉफी पाहावी. कोडगूच्या मळेवाल्याने स्वतः पिकवलेली कॉफी नुसती फळे तोडून विकली, तर ते शेतीचे उत्पन्न. दिल्लीने तिकडे बघायचे नाही. तीच त्याने साल काढून, वाळवून, स्वच्छ करून विकली, तर प्राप्तिकराचा नियम म्हणतो की 25 टक्के उत्पन्न धंद्याचे, म्हणजे केंद्राच्या हिशेबातले. बाकीचे 75 टक्के शेतीचे. भाजून, दळून विकली तर केंद्राकडे 40 टक्के. आणि नियम करणाऱ्याने पुढे बजावून ठेवले आहे: चिकोरी घातली असो वा नसो! देवराज मार्केटाबाहेर दुकानदार गिऱ्हाइकाला ‘चिकोरी किती टाकू?’ विचारतो, तेव्हा तो संघराज्याच्या वित्तीय संबंधांवर बोलत असतो, हे त्या बिचाऱ्याच्या गावीही नसते. मराठी वाचकाला आणखी एक समाधान. पंचवीस टक्के म्हणजे चौथाईच. पेठ्यांचे घोडे परत गेले, पण दर दिल्लीने जपला.

आता आपल्या कराकडे वळतो. घटनाकारांनी तो देताना वर झाकण ठेवले होते: एका माणसाकडून वर्षाला 250 रुपयांपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. 1988 च्या साठाव्या घटनादुरुस्तीने हे झाकण 2,500 वर नेले आणि तिथेच खिळे ठोकले. तेव्हा अडीच हजारांत पाऊण तोळा सोने येत असे. आज तेवढ्यात सराफ बाकावर बसायला सांगेल, पाणीही देईल, पण तराजू काढणार नाही. या काळात साबणाची वडी, बसचे तिकीट, आमदारांचे मानधन, सगळे वाढले. व्यवसाय कराची कमाल मर्यादा मात्र राजवाड्यासारखी जतन केलेली आहे. पंधराव्या वित्त आयोगाने ती वाढवा म्हणून सुचवले. पण वारसा वास्तूला हात कोण लावणार?

आपण मात्र झाकणाखाली राहूनही कल्पकता दाखवलीत. दरमहा 200 म्हणजे वर्षाला 2,400. घटनेने मंजूर केलेले 100 रुपये दर माणशी वर्षानुवर्षे वाया जात होते! 1 एप्रिल 2025 पासून आपण फेब्रुवारीत 300 घ्यायचे ठरवले आणि हिशेब काटोकाट जुळवला. वर्षातल्या सर्वांत आखूड महिन्याला सर्वांत लांब कात्री. अर्थात ही युक्ती मूळची आमच्या महाराष्ट्राची. तिथे फेब्रुवारीचे 300 जुने आहेत, आणि 1975 मध्ये तो कर रोजगार हमीच्या नावाने बसवला तेव्हा लोकांनी फारशी कुरकुरही केली नव्हती. चौथाई बुडाली तरी फेब्रुवारी आम्ही तुम्हाला दिला, एवढी नोंद खात्याच्या इतिहासात व्हावी.

या कराची मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे समता. महिन्याला 25,000 मिळवणारा वर्षाला 2,500 देतो, म्हणजे शेकडा 83 पैसे. वर्षाला 25 लाख मिळवणारा तेच 2,500 देतो: शेकडा दहा पैसे. अडीच कोटीवाला शेकडा एक पैसा देतो आणि त्यालाही पगाराच्या चिठ्ठीवर तीच ओळ छापून मिळते. केंद्राच्या प्राप्तिकरात उत्पन्नाबरोबर दर चढत जातो, त्यामुळे गरीब-श्रीमंत असा भेद उघड दिसतो. आपल्याकडे असा भेदभाव नाही. बसवेश्वरांच्या भूमीत हेच शोभते.

पण सीमारेषेवर उभ्या असलेल्या माणसाला ही समता जरा टोचते. आमच्याकडे पॅकिंगच्या खात्यावर एक अक्का सुपरवायझर आहेत. पगार 24,900. 2023 मध्ये आपण किमान मर्यादा 15,000 वरून 25,000 वर नेलीत, तेव्हा त्या सुटल्या आणि त्यांनी खात्यात पेढे वाटले. पुढे दसऱ्याच्या तोंडावर मागणी वाढली, अक्कांनी एका संध्याकाळी थांबून पेट्या भरून दिल्या आणि त्या महिन्यात ओव्हरटाइमचे 100 रुपये जमा झाले. बेरीज बरोबर 25,000. कायद्यात 25,000 ‘आणि त्याहून अधिक’ असे आहे, म्हणून मी 200 कापले. हाती आले 24,800. अक्का चिठ्ठी घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. बोट पहिल्या आकड्यावर ठेवले, मग शेवटच्या आकड्यावर, मग पुन्हा पहिल्यावर. म्हणाल्या, ‘‘अण्णा, जास्त काम केले म्हणून शंभर कमी?’’ मी त्यांना सांगितले की हा दंड नाही, हा आपल्याला मिळालेला मान आहे. आता आपण आणि मोठमोठ्या कंपन्यांचे साहेब एका ओळीत आलो. अक्कांनी मानाचे काय करायचे ते कन्नडमध्ये सांगितले. ते इथे लिहीत नाही.

हे 200 रुपये भरायला उशीर झाला तर महिना सव्वा टक्का व्याज, म्हणजे अडीच रुपये. शिवाय कराच्या निम्म्यापर्यंत दंड. अडीच रुपयांचे व्याज आकारायला लागणारा संगणक, वीज, कारकुनाची खुर्ची आणि माझ्या अर्ध्या दिवसाचा पगार यांची बेरीज मी एकदा मांडायला घेतली होती. मालकांनी कागद काढून घेतला. म्हणाले, राष्ट्रकार्यात हिशेब करायचा नसतो.

दिल्लीकरांनीही आपला मान राखलेला आहे. पूर्वी आपल्याला दिलेला कर पगारातून वजा करून मगच प्राप्तिकर मोजत. नव्या कर पद्धतीत ती वजावट काढून टाकली. म्हणजे जे पैसे मला मिळालेच नाहीत, ते माझे उत्पन्न मानले जाते. घेतले तुम्ही, मोजले त्यांनी, मिळवले मी! अद्वैत समजावून सांगायला याहून सोपे उदाहरण एखाद्या मठातही मिळणार नाही.

आता थोडे गंभीर. गंभीर म्हणजे नोटिशीइतके गंभीर. जुलै 2025 मध्ये आपल्याच वाणिज्य कर खात्याने यूपीआयचे व्यवहार तपासून राज्यातल्या हजारो छोट्या दुकानदारांना नोटिशी धाडल्या. त्या जीएसटीच्या होत्या, हे मान्य. पण हात तोच, लेखणी तीच. हावेरीच्या एका भाजीविक्रेत्याच्या खात्यावर चार वर्षांत 1 कोटी 63 लाख जमा झालेले दिसले आणि त्याला सुमारे 29 लाखांची मागणी गेली. ताज्या भाजीवर जीएसटी नाही, हे भाजीला माहीत होते, भाजीवाल्याला माहीत होते. संगणकाला फक्त रक्कम माहीत होती, मेथीची जुडी त्याने कधी पाहिलेली नव्हती. आठवडाभरात बेंगळुरूच्या चहाच्या टपऱ्यांवरून क्यूआर कोड उतरले आणि ‘नो यूपीआय, ओन्ली कॅश’चे फलक लागले. कित्येक वर्षे लोकांना रोखीतून बाहेर काढायला सरकारने जेवढ्या जाहिराती केल्या, तेवढ्या एका नोटिशीने धुऊन निघाल्या. शेवटी अर्थखातेही सांभाळणाऱ्या मुख्यमंत्री सिद्धरामय्यांना व्यापाऱ्यांना बोलावून सांगावे लागले की मागची वसुली होणार नाही, फक्त नोंदणी करा. ते आपल्या म्हैसूर जिल्ह्याचे, त्यामुळे बाजारात पैसा कसा फिरतो हे त्यांना ठाऊक असणार.

या प्रकरणातून कर वसुलीचे एक सूत्र माझ्या हाती लागले: जो दिसतो तो भरतो. माझा पगार दिसतो, म्हणून पगार हातात पडण्याआधीच कर जातो. टपरीवाल्याचा क्यूआर कोड दिसतो, म्हणून नोटीस जाते. माझ्या बचत खात्यावरचे व्याज मला कळण्याआधी प्राप्तिकराच्या वार्षिक माहितीपत्रकात उमटते. पण तीन मजले भाड्याने देऊन भाडे रोखीत घेणारा दिसत नाही. बॅचमागून बॅच शिकवून फी लिफाफ्यात घेणारा दिसत नाही. ज्या पेशेवाल्यांनी स्वतःहून नाव नोंदवून 30 एप्रिलपर्यंत कर भरायचा असतो, त्यांची दारावरची पाटी दुरून वाचता येते. तेवढ्याच दुरून नावनोंदणी मात्र दिसत नाही. दोष आपल्या दृष्टीचा नाही. खात्याला दिवा दिला आहे तो खांबावरचा, आणि खांबाखाली नेहमी टपरीच असते.

म्हणून, महोदय, माझ्या नम्र विनंत्या पुढीलप्रमाणे:

1) अडीच हजारांचे झाकण उघडावे म्हणून राज्याने दिल्लीला सणसणीत पत्र लिहावे. पत्राचा मसुदा हवा असल्यास मी 20 तारखेनंतर मोकळा असतो.

2) झाकण उघडले तर वरच्या उत्पन्नाला वरचा दर लावावा. अडीच कोटीवाल्या साहेबांना शेकडा एक पैसा द्यायला आतून लाज वाटत असेल. त्यांची ती अडचण दूर करावी.

3) 25,000 च्या सीमेवर असा उतार करावा की 100 रुपये जास्त कमावणाऱ्याच्या हाती निदान एक रुपया तरी जास्त पडेल. अक्कांना मी शब्द दिला आहे.

4) नोटीस पाठवण्यापूर्वी खात्यातल्या एका माणसाने दुकानात जाऊन टोपलीत काय आहे ते पाहावे. प्रवासभत्ता लागेल, तो 29 लाखांहून कमीच होईल.

या विनंत्या मान्य झाल्या तर माझा स्वतःचा कर एक पैशानेही कमी होणार नाही. आमच्या मालकांचा मात्र वाढेल, आणि त्याचे चालानही मीच भरीन. पण मग अक्कांच्या टेबलावर चिठ्ठी ठेवताना मला अद्वैत, समता आणि राष्ट्रकार्य यांचा आधार घ्यावा लागणार नाही. साधा हिशेब दाखवला की पुरेल.

कळावे. लोभ आहेच, तो वाढू नये, ही विनंती.

आपला,
कर कापून उरलेला
एक हिशेबनीस

ता.क.: या पत्राचे मानधन मिळालेच, तर लेखन हा माझा दुसरा व्यवसाय ठरतो की काय, हे कृपया कळवू नये.