इतर खर्च

मुलुंड पूर्वेला कुठल्याही सोसायटीत शिरा, एखादे आलेखकाका भेटतातच. बँकेतून निवृत्त, घराचं कर्ज फिटलेलं, मुलगी बोरिवलीला दिलेली, आणि लॅपटॉपवर ग्नूकॅश हे हिशेबाचं सॉफ्टवेअर. ते फुकट मिळतं हा त्याचा पहिला गुण, दुहेरी नोंद मागतं हा दुसरा. स्टेशनबाहेर कोथिंबिरीच्या जुडीचे २० रुपये यूपीआयने दिले, की घरी पिशवी खाली ठेवायच्या आत काकांनी 'भाजीपाला' नावे, 'बचत खाते' जमा केलेलं असतं. नोंदींच्या बाबतीत काका राजा हरिश्चंद्र. मेळ चुकला, तर ग्नूकॅश आपणहून 'इम्बॅलन्स' नावाचं खातं उघडतं. ते दिसलं, की त्या रात्री काकांना जेवण जात नाही.

आलेख काढायला बसले, की मात्र हरिश्चंद्राचा वकील होतो. काकूंच्या भाजीखर्चाचा उभा अक्ष शून्याऐवजी ४,००० पासून सुरू होतो आणि ३०० रुपयांची वाढ कळसूबाई होऊन उभी राहते. काकांच्या पुस्तकखरेदीचा अक्ष शून्यापासून थेट ५०,००० पर्यंत. रेघ जमिनीला चिकटलेली. यासाठी आकडे एक्सेलमध्ये न्यावे लागतात, पण काका तेवढे कष्ट घेतात.

दहा वर्षांच्या आलेखात मुलीच्या लग्नाचा खांब इतका उंच झाला, की बाकीची वर्षं दिसेनात. काकांनी लॉग स्केल लावली: हजारापासून दहा हजारांपर्यंत जेवढं अंतर, तेवढंच दहा हजारांपासून लाखापर्यंत.

"म्हणजे लग्न आणि किचनच्या लाद्या जवळपास सारख्यातच झाल्या म्हणायचं?" काकूंनी विचारलं.

काकांचा खरा जीव पाय-चार्टवर. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाने १७८६ मध्ये खांबांचे आणि १८०१ मध्ये वर्तुळाचे आलेख छापले, हे काका सोसायटीच्या प्रत्येक सभेत सांगतात. टँकरच्या बिलाचा विषय निघाला तरी सांगतात. तोच प्लेफेअर कर्जापायी लंडनच्या तुरुंगात जाऊन आला, हे सांगत नाहीत.

ग्नूकॅशच्या वर्तुळात ठरावीकच फोडी मावतात. उरलेले बारीकसारीक खर्च एका फोडीत, 'इतर'मध्ये जातात. काकांच्या घरी ही फोड दर महिन्याला बाळसं धरत होती. काकूंनी विचारलं, की काका म्हणायचे, "अगं, किरकोळ."

परवा मुलगी माहेरी आली आणि तिने सहज फोडींची मर्यादा वाढवून १५ केली. 'इतर' फुटलं. त्यातून रिक्षा निघाली, इस्त्री निघाली, आणि एक चांगली जाडजूड केशरी फोड निघाली. खोटं नाव द्यायला काकांचा हात धजावलेला नव्हता. खात्यावर स्वच्छ लिहिलं होतं: 'बटाटेवडे व जिलबी, डॉक्टरांच्या अपरोक्ष'.

काकूंनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "हा आलेख मात्र मला लगेच कळला हो."