स्टेपभाऊ

वाशिमात कोणाची तब्येत बिघडली की त्या माणसाच्या आधी स्टेपभाऊंना कळतं. पहाटे पद्मतीर्थाच्या बाजूला कोणीही भेटो, त्यांचा रामराम एकच: "साखर तपासली काय?" समोरचा सासऱ्याच्या दहाव्याहून येत असला तरी त्याला आधी साखरेचा आकडा सांगावा लागतो, मग सासऱ्याचं.

त्यांचं खरं नाव रेशनकार्डाबाहेर कोणी वापरत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, मालेगाव रस्त्याला थोडं शेत, एकुलता मुलगा पुण्याला हिंजवडीत आणि डाव्या मनगटावर त्या मुलाने दिवाळीत आणलेलं, पावलं मोजणारं घड्याळ. हे घड्याळ वेळही दाखवतं, पण त्यासाठी ते कोणी पाहत नाही. 1998 साली वाशिम जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला, त्याच वर्षी भाऊंचं पोट पट्ट्यापासून वेगळं झालं, असं गावातले जुने लोक सांगतात. तेव्हापासून त्या पोटावर जितके प्रयोग झाले, तितके शाळेच्या प्रयोगशाळेतही झाले नाहीत.

आधी दुधी भोपळ्याचा रस झाला. मग डॉ. जगन्नाथ दीक्षितांची भाषणं आली. दिवसातून दोनदाच जेवायचं, जेवण 55 मिनिटांत आटपायचं, 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. मूळ विचार नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा, हे कळल्यावर भाऊंची श्रद्धा दुप्पट झाली. "आपल्या विदर्भाचाच माल हाय," ते सांगत सुटले. पुढे रिसोडला एका लग्नात त्यांनी पंगतीत पहिला घास घेतला एक वाजून दहा मिनिटांनी. वाढप्यांची पोरं मठ्ठा घेऊन तीनदा आली, जिलेबीचा पत्ता नाही. ती आली दोन वाजून चार मिनिटांनी. उरलेल्या एका मिनिटात भाऊंनी चार जिलेब्या संपवल्या आणि हात धुताना समाधानाने म्हणाले, "नियम मोडला नाही."

अलीकडे जिल्ह्यात चिया आला. सोयाबीन-तुरीच्या या मुलखात रब्बीला लोक चिया पेरू लागले, वाशिमच्या बाजारात त्याची खरेदी होऊ लागली. भाऊंनीही एक एकर पेरला. बाकीच्यांनी माल विकला; यांनी अर्धं पोतं घरी ठेवलं आणि रोज सकाळी घरच्या सगळ्यांना भिजवलेल्या चियाचा पेला सक्तीचा केला. म्हातारे सासरे तेव्हा मुक्कामाला होते. त्यांनी पेला उजेडात धरून पाहिला. "जावाईबापू, या पिकाले रोही तोंड लावत नाही म्हनता ना?"

"नाही लावत. रानडुक्करही नाही."

"मंग मले काहून पाजता?"

सासरे दुपारच्या गाडीने गेले. भाऊंना मात्र वाईट वाटलं, ते खरोखरच. त्यांना सासऱ्यांची काळजी होती. पण आमच्याकडे बाप्या माणसाने कोणाला 'तुमची काळजी वाटते' म्हणायची सोयच नाही. म्हटलं तर समोरचा घाबरून दवाखान्यात जाईल. म्हणून भाऊ पेला पुढे करतात आणि साखर विचारतात.

मुलाच्या बाबतीतही तेच. पूर्वी बापलेकाचा फोन असा चाले: "जेवला काय?" "हो." "पैसे हायत?" "हो." "घे, आईसंग बोल." घड्याळ आल्यापासून दोघांची पावलं एकमेकांच्या मोबाईलवर दिसतात आणि बोलायला विषय झाला. "काल दोन हजारच? दिवसभर खुर्चीत होता काय?" "रात्री दोन वाजता तीनशे पावलं कशी? झोप नाही येत?" मुलगाही कमी नाही. बापाचा आकडा मागे पडला की तिकडून अंगठा खाली. मग रात्री अकरा वाजता भाऊ गल्लीत फेऱ्या मारायला निघतात. कुत्री आधी भुंकत. आता तीही सोबत चालून तब्येत राखून आहेत.

एकदा चहाच्या टपरीवर कोणी पेपर वाचून दाखवला. रोज दहा हजार पावलांचा आकडा डॉक्टरांनी ठरवलेलाच नाही. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, 1965 साली एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं आणि त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मीटर' असं ठेवलं. 2025 साली 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये आलेल्या अभ्यासात तर सात हजारांतही भरपूर लाभ दिसला. हमीभावाच्या खाली सोयाबीन पुकारलं गेल्यावर शेतकऱ्याचा होतो, तसा भाऊंचा चेहरा झाला. "आन् माह्या रोजच्या वरच्या तीन हजारांचं काय?" त्यांनी विचारलं. टपरीवाल्याने कपात साखर जरा जास्त टाकली. त्या दिवशी भाऊ काही बोलले नाहीत.

मग मुलाचे शनिवारचे आकडे वाढू लागले. पंधरा हजार, सोळा हजार, तळजाईची टेकडी. भाऊ घरोघर सांगत फिरले, "पोरगं सुधरलं!" त्यांच्या घरच्या बाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "सुधरलं नाही. कोनी भेटली हाय त्याले. एकटा मानूस येवढं चालत नाही."

गेल्या पावसाळ्यात भाऊ तापाने पडले. डॉक्टरांनी पलंग सोडायचा नाही म्हणून बजावलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी ते घड्याळ काढून आपल्या हाताला बांधलं. "पोरानं शून्य पाह्यलं तं रातच्या गाडीनं निंघून येईन." दिवसाअखेर आकडा झाला चौदा हजार तीनशे. साडेनऊला फोन वाजला.

"आई, बाबांना काय झालंय?"

"काही नाही. पाह्य ना किती चालले ते."

"तेच तर. बाबांची पावलं पहाटे तासभर, मग एकदम रात्री अकरानंतर. आज साडेचारला सुरू झालीत ती दुपारी दोनलाही थांबली नाहीत. ही तुझी पावलं आहेत."

पोरगं दुसऱ्या दिवशी हजर. एकटं नव्हतं; शनिवारची निम्मी पावलंही सोबत आली होती. बाईंनी तिला पाहिलं, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि नवऱ्याकडे असं पाहिलं की निकालच लागला.

मुलाने आईसाठी दुसरं घड्याळ मागवायचं काढलं. "मले कायले? मी काय हरपतो काय?" बाईंनी विषय संपवला. मग तो मोबाईल घेऊन बापाच्या खात्यातला तो खोटा दिवस पुसायला बसला, तसा पलंगावरून क्षीण आवाज आला.

"राहू दे. माहा आतापरेंतचा सगळ्यात चांगला दिवस हाय तो."

"हाव ना," बाई म्हणाल्या, "आंथरुनावर पडल्या पडल्या केला."