सव्वादोन कळसूबाई

जानेवारीत आमच्या सोसायटीत ‘काय गारठा पडलाय!’ म्हणायची चोरी आहे. पार्किंगच्या कुठल्याही खांबाआडून काका प्रकटतात. “किती? दहा डिग्री? अहो, एवढ्यात आम्ही तिकडे बनियनवर चहा पीत होतो.”

बनियनवर कोणी चहा प्यायलेलं नाही. मी सोबत होतो. केदारकंठ्याच्या ट्रेकसाठी सांकरीला गाडीतून उतरताना काकांनी चढवलेली कानटोपी पाच दिवसांनी, डेहराडूनला आल्यावर उतरली.

माणूस तसा सह्याद्रीत मुरलेला. हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने केलेला, कळसूबाईला तर माहेरासारखं येणंजाणं. त्यामुळे केदारकंठा साडेबारा हजार फूट आहे म्हटल्यावर त्यांनी तोंडी भागाकार केला. “म्हणजे सव्वादोन कळसूबाई. त्यातली निम्मी तर गाडीच चढते!” गणित चोख होतं. फक्त त्यात बर्फ धरला नव्हता.

बर्फाची त्यांची ओळख गोळेवाल्याच्या रंध्यापुरती. तो असा पायाखाली पसरलेला पाहून आधी त्यांनी काठीने टोचला, मग चिमूटभर जिभेवर ठेवला. “काला खट्टा पाहिजे होता,” म्हणाले. पण जुडा का तालाबजवळ पाइनची एक फांदी अचानक हलकी झाली, वरचा ढीग धप्पकन खाली आला, पिठाच्या चक्कीसारखी पांढरी धूळ उडाली, आणि पुन्हा सगळं चिडीचूप. काकाही. चांगली तीन-चार मिनिटं. एरवी ते झोपेतसुद्धा एवढे गप्प नसतात.

रात्री तंबूत पाणी गोठतं ते वरून, म्हणून बाटली उलटी ठेवायची. बॅटरी थंडीने मान टाकते, म्हणून मोबाइल स्लीपिंग बॅगेत घ्यायचा. काकांनी मोबाइलला मफलरही गुंडाळला. तो फोटो पाहून काकू एवढंच म्हणाल्या, “आम्हाला कधी विचारलं नाही, थंडी वाजते का म्हणून.”

माथ्यावर पोचलो तेव्हा उजाडत होतं. समोर स्वर्गारोहिणी. पांडव तिथूनच स्वर्गाला निघाले म्हणतात. गावातलं एक झुबकेदार कुत्रं आमच्यामागून वर आलं होतं. काकांनी आधी शिखराकडे पाहिलं, मग कुत्र्याकडे, मग छाती काढून माझ्याकडे. भीम-अर्जुन वाटेत पडले, शेवटी कुत्रं कुणासोबत उरलं होतं, हे मी ओळखावं अशी अपेक्षा होती. तेवढ्यात गाइड पोरगा ओरडला, “अंकल, छोटे कदम, छोटे कदम!” आणि धर्मराज बुडावर बसून वीस फूट खाली गेले. कुत्रं शेपूट हलवत मागे.

येताना त्यांनी थर्मास भरून बर्फ घेतला होता. तो मसुरीच्या आधीच वितळला. घरी येऊन काकांनी ते पाणी फ्रीजरमध्ये पुन्हा गोठवलं, आणि पाहुण्यांना ट्रे काढून दाखवायला लागले. “ओरिजिनल केदारकंठा!” संक्रांतीला माहेरची माणसं आली, तेव्हा काकूंनी तो लिंबाच्या सरबतात घातला. काका आता कोरा ट्रे दाखवतात.