काशीच्या मोटारींना कोल्हापूरचा दसरा हवा

काशीला गेलेला मराठी माणूस विश्वनाथाचं दर्शन घेतो, गंगाआरती पाहतो आणि वेळ उरला तर पलीकडच्या काठावर रामनगरच्या किल्ल्यात जातो. राजा बलवंतसिंहांनी अठराव्या शतकात चुनारच्या दगडात बांधलेला हा किल्ला. तिथल्या संग्रहालयात पालख्या, हस्तिदंती काम, शस्त्रं, खगोलीय घड्याळ आहे, आणि काशीनरेशांच्या जुन्या अमेरिकन मोटारीही आहेत. मोटारवेडा माणूस तिथंच अडकतो. आणि तो संग्रह पाहून आलेल्यांकडून वर्षानुवर्षं एकच तक्रार ऐकू येते: धूळ.

धूळ फडक्यानं पुसता येते. उभ्या मोटारीचं खरं दुखणं बॉनेटखाली असतं. कार्बोरेटरमधलं पेट्रोल सुकून त्याची चिकट राळ होते. पिस्टन गंजून सिलिंडरला धरतात. सगळं वजन एकाच जागी पडून टायर बसके होतात. त्या काळच्या अनेक बॉड्यांचा सांगाडा लाकडी असायचा. त्याला नदीकाठची दमट हवा आणि वाळवी पुरते. मोटार चालवून झिजते, पण नुसती उभी ठेवली तर मरते.

म्हणून कोल्हापूरकरांचं कौतुक करावं तेवढं थोडं. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातली मेबॅक तिथं आजही दसऱ्याला बाहेर निघते आणि दसरा चौकात सीमोल्लंघनाच्या सोहळ्याला येते. लोक तिची वाट पाहतात. वर्षातून एकदा हजारोंसमोर यायचंच म्हटल्यावर ब्रेक, बॅटरी, टाकी तपासावीच लागते. गाडी जिवंत राहते ती या सक्तीमुळे.

रामनगरला तर आयता मुहूर्त आहे. महिनाभर चालणारी तिथली रामलीला जगप्रसिद्ध आहे आणि विजयादशमीला राजघराण्याचा थाटही असतो. त्या दिवशी एक मोटार किल्ल्याच्या चौकात आणावी. इंजिन सुरू होत नसेल तर दोरी लावून ओढावी. चाकं फिरली पाहिजेत.

बनारस संस्थान म्हणून 1911 साली मान्यता पावलं आणि 1949 साली विलीन झालं. म्हणजे या संस्थानाचं अख्खं आयुष्य मोटारीच्या युगातलं. या गाड्या त्या राज्याचा दस्तऐवज आहेत. 1972च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांची अट आहे आणि 1920च्या दशकातल्या गाड्या आता ती ओलांडू लागल्या आहेत. 2021च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या मोटारींना ‘व्हीए’ मालिकेचा वेगळा क्रमांक दिला. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, आणि प्रदर्शन वा रॅलीसाठी रस्त्यावर आणायची मुभा. कायद्याची अडचण उरलेली नाही. अडचण इच्छेची आहे.

आता चार शब्द आपल्या हौशी मंडळींना. मुंबईच्या चोरबाजारात जुन्या गाड्यांची बोधचिन्हं, हॉर्न, हबकॅप मिळतात आणि आपण ती दिवाणखान्यात टांगतो. भिंतीवरच्या अशा प्रत्येक चिन्हामागं कुठंतरी एक बोडकं बॉनेट असतं. दुरुस्त होऊ शकणारी गाडी सुट्या भागांसाठी फोडणं हे प्रेम नव्हे. जमवायचंच असेल तर कागद जमवा: नोंदणीपुस्तक, गॅरेजची बिलं, लग्नाच्या वरातीतले फोटो. जुन्या ड्रायव्हरना आणि मिस्त्रींना बोलतं करा. कोणता चोक किती ओढायचा हे कुठल्याही पुस्तकात नसतं, ते त्यांच्या हातात असतं आणि त्यांच्याबरोबर जातं. पद्मिनी आणि अॅम्बॅसडरचे मिस्त्री आजही भेटतात. अजून दहा वर्षांनी भेटतीलच असं नाही.

काशीला जाणार असाल तर रामनगरला जरूर जा. मोटारीसमोर फोटो काढा, पण निघण्याआधी तिथल्या माणसांना चार प्रश्न विचारा: मॉडेल कोणतं, साल कोणतं, चालवायचं कोण, शेवटची कधी सुरू झाली? उत्तर मिळालं नाही तर लेखी विचारा. येणारा प्रत्येक जण हे विचारू लागला, तर गाडीशेजारी निदान माहितीचा फलक लागेल आणि आज ना उद्या मिस्त्रीलाही बोलावणं जाईल.