समस्त घरगुती उपायवाल्यांस, एका पार्लरवालीकडून

डोंबिवली (पूर्व)

आदरणीय काकू, मावशी, वहिनी आणि सोसायटीच्या ग्रुपवरचे सर्वज्ञ दादा,

साष्टांग नमस्कार विनंती विशेष. तुमचे आभार मानायचे केव्हापासून राहून गेले आहेत. पाडव्याच्या शोभायात्रेला फडके रोडवर नऊवारी, नथ आणि कमरेपर्यंत केस, असा थाट करणाऱ्या मुलींना एक्स्टेन्शन मी लावते खरी. पण माझी बरकत होते ती दोनेक महिन्यांनी, तुमच्या सल्ल्याने त्यांनी ते घरीच काढल्यावर. केस चिकटवलेली टेप उपटली जाते, गोंद केसांतच राहतो, त्यावर तुमचा उपाय बसतो आणि पोरगी ऐन मे महिन्यात डोक्यावरून ओढणी घेऊन माझ्या दारात उभी राहते. लोक जाहिरातीवर पैसे घालवतात, मला तुम्ही फुकट मिळालात.

पहिला मान रॉकेलचा. उवांना चाललं म्हणजे गोंदालाही चालणारच, हा कल्याणच्या एका काकूंचा सिद्धान्त. हल्ली रॉकेल त्यांना मिळतं कुठे, हे कोडं वेगळंच. लोकलच्या लेडीज डब्यात अशी बाटली नेली, तर रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. डोक्यावर चोळून नेलं तर कुठलं कलम लागतं, ते वकिलांना विचारायला हवं.

त्यापाठोपाठ नेलपॉलिश रिमूव्हर. त्यातल्या ॲसिटोनचा फ्लॅश पॉइंट उणे २० अंश सेल्सिअस. म्हणजे पौषातल्या पहाटेसुद्धा त्याच्या वाफेला एक ठिणगी पुरते. आणि तुम्ही पोरीला बसवता ओट्याजवळ, कारण तिथे उजेड चांगला! एमआयडीसीच्या शेजारात नांदणाऱ्या, २०२० साली अख्खा रस्ता गुलाबी झालेला बघितलेल्या गावाला रसायनांचं कौतुक मी काय सांगावं! शिवाय त्या विकतच्या केसाला मूळ नसतं, त्यामुळे टाळूचं तेल त्याच्यापर्यंत पोचतच नाही. ॲसिटोनने उरलासुरला ओलावा ओढला की हजारो रुपयांच्या केसांची केरसुणी होते. मी नवे केस विकते, तेव्हा माझी तक्रार नाही.

मुळात तुमच्यापैकी एकीनेही कधी विचारलं नाही, की बाई गं, तुला लावलं काय होतं? टेपचा गोंद ॲक्रिलिकचा, तो संत्र्याच्या सालीच्या तेलाच्या किंवा अल्कोहोलच्या रिमूव्हरने सुटतो. टेपऐवजी केराटिनच्या बारीक दाण्यांनी केस चिकटवले असतील, तर ते दाणे अल्कोहोलच्या जेलने भिजवून पकडीने हलकेच चुरडावे लागतात. त्यांना खोबरेल चोळत रात्र काढली तरी दाणा जागचा हलत नाही, उशीचा अभ्रा मात्र तेलकट होतो. आजीच्या गंगावनाला ही भानगडच नव्हती. दोऱ्याने बांधलं, दोरा सोडला, खुंटीला टांगलं.

आता मी काय करते तेही सांगून टाकते, धंद्याचं गुपित असलं तरी. तुम्ही ऐकणार नाही, ही खात्री आहे. आधी रिमूव्हरचा थेंब कानामागे लावून एक दिवस वाट बघायची. मग कोरडे केस चिमट्यांनी वेगळे करून टेपच्या कडेतून रिमूव्हर सोडायचा आणि दोन-चार मिनिटं हात बांधून बसायचं. हे बसणंच कोणाला जमत नाही. टेपचे दोन पदर आपणहून सरकू लागले की सोलायचे. केसांवर उरलेल्या पांढुरक्या चिकट्यावर पुन्हा थेंब, एका हाताने मुळाशी बट घट्ट धरायची म्हणजे टाळूला ओढ बसत नाही, आणि बारीक फणी खाली उतरवायची. चिकट्याच्या गोळ्या होऊन दातांत अडकतात. दर वेळी फणी टिश्यूने पुसायची, नाहीतर तोच माल पुढच्या बटेला जातो. शेवटची गोळी निघेपर्यंत पाण्याचा थेंब नको, भिजला की गुंता आवळतो. मग दोनदा शाम्पू. टाळूला फोड किंवा पुरळ दिसलं तर मी हातच लावत नाही, सरळ त्वचारोगतज्ज्ञाकडे धाडते.

या सगळ्यात फणीबरोबर केसांचा एक पुंजका येतो आणि पोरगी हंबरडा फोडते. माणसाचे रोज ५० ते १०० केस गळतातच. टेपखालचे सहा-आठ आठवडे तिथेच अडकून राहतात आणि एकदम बाहेर पडतात. हे मी समजावत असते, तोच व्हिडिओ कॉलवर तुम्ही अवतरता, "टक्कल पडणार, मी म्हटलंच होतं!" तिला शांत करायला मला चहा मागवावा लागतो. तो बिलात धरत नाही, तुमच्या खात्यावर मांडते.

आपली कृपाभिलाषी,
पार्लरवाली

ता. क. परवा ठाण्याहून एक जण आली होती. साडीवर सांडलेलं मेण काढतात तसं केसांवर वर्तमानपत्र ठेवून त्यावरून इस्त्री फिरवली होती. दाणे वितळले आणि कागदासकट बसले. मी कात्री घेतली तेव्हा राशिभविष्याचं अर्धं पान अजून चिकटलेलं होतं. हा उपाय आपल्यापैकी कोणाचा, ते कृपया कळवावे. दिवाळीला त्यांच्याकडे फराळाचा डबा पाठवायचा आहे.